अण्णांची कोळशावरची मोटार

अण्णा गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा आला, तेव्हा मी तुळजापूरच्या घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून त्याच्याबरोबर धाराशिवला निघालो. महिना होत आला, तरी मन थाऱ्यावर नाही. जेवता जेवता उठतो, आणि कशाला उठलो तेच आठवत नाही…

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ, आणि मोटारीच्या धंद्यातले भागीदारही. निजामाच्या काळात, जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत, सोलापूर ते तुळजापूर आमची एकच मोटार चालायची. दोन घरांची चूल तिच्यावर पेटायची. पेट्रोल मिळेनासं झालं, इतरांच्या मोटारी झाडाखाली उभ्या राहिल्या, आणि अण्णांनी ठरवलं की मागे भट्टी बसवून आपली मोटार कोळशाच्या गॅसवर चालवायची. त्यासाठी धडधाकट इंजिन उघडावं लागणार होतं. मी भडकलो. "अण्णा, हे बिघडलं तर दोन्ही घरं उपाशी मरतील!"

"व्हय. म्हणून तर तुला इचारतोय," ते म्हणाले. "कशाकशाची भीती वाटती, समदं सांग. काय बी मागं ठिवू नको."

मला वाटलं, थट्टा करताहेत. रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोललो… मोटार घाट चढणार नाही, ठिणगी उडून टपावरची गाठोडी पेटतील, तापलेल्या भट्टीला एखाद्या लेकराचा हात लागेल. अण्णांनी भट्टीभोवती पत्र्याचा पिंजरा केला, धुराड्याला जाळी बसवली. मग माणसांच्या जागी ज्वारीची पोती भरली, मला शेजारी बसवलं आणि मोटार घाटाकडे काढली. निम्म्या घाटात ती खोकून बंद पडली.

"बघा!" मी म्हणालो.

"बघितलं की," म्हणत त्यांनी काही पोती उतरवली. मोटार चढली. तेवढी माणसं कमी घ्यायची ठरलं, त्यावरूनही मी भांडलोच. पण देवीला येणाऱ्यांना दुसरी मोटार होतीच कुठे? आमचा धंदा नुसता तगला नाही, वाढला. लढाई संपता संपता दुसरी मोटार दारात आली. आमचं बघून एकाने घाईघाईत भट्टी बसवली, त्याची मोटार भर रस्त्यात जळाली.

लोक अण्णांना धाडसी म्हणायचे आणि मला भित्रा. याचा मला आजही राग येतो. पुढे गिरणी काढताना, इंजिन बदलताना ते आधी माझ्याकडेच यायचे, आणि मी तासभर तोंडसुख घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचे नाहीत.

परवा त्यांच्या खोलीत गेलो. खाटेखाली विहिरीवरचा पंप अर्धवट उघडून ठेवलेला होता. त्यात काहीतरी नवीन बसवायचा त्यांचा बेत असावा.

"काका, भंगारात घालू का हे?" मुलाने विचारलं.

मी खाली बसलो, पंप उलटासुलटा करून पाहिला. "ह्याचं वायसर टिकणार न्हाय, अण्णा," असं तोंडातून निघून गेलं.  मुलाने पंप उचलायला हात घातला, तसा मी त्याच्यावर ओरडलो. त्यात आणखी बरंच काही बिघडणार होतं, आणि ते सगळं मला अण्णांना सांगायचं होतं.