लिव्हरवाले सर

आमचे सर आयुष्यभर मेंदूवर काम करत आले, पण लॅबमध्ये पाऊल टाकलं की आधी बघायचे लिव्हरच्या पेशींची प्लेट. शेजारच्या प्लेटमध्ये मेंदूच्या पेशी हिरव्यागार चमकत असल्या तरी त्यांना कौतुक नाही. "तिथे तर चमकेलच भिया. जिथे चमकायला नको, तिथे काय चाललंय?" पाठीमागे आम्ही त्यांना लिव्हरवाले सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि वर आवडायचंही.

मेंदूच्या चेतापेशींत एनोलेज नावाच्या एन्झाइमचा एक खास प्रकार असतो. त्याचं जनुक कुठे चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा म्हणजे प्रमोटर. तो औषधी जनुकापुढे जोडला, की तेही फक्त चेतापेशींतच चालू व्हावं, अशी आशा. पण अख्खा प्रमोटर लांबलचक. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूत मावेना. मी तो कापून छोटा केला आणि चाचणीपुरतं त्याला हिरवं चमकणारं जनुक जोडलं; पेशी चमकली, की तुकडा तिथे चालू. माझी पीएचडी आणि लॅबचा पुढचा निधी, दोन्ही त्या तुकड्यावर.

संशय घेण्यात सरांना तोड नव्हती. एकदा आम्हाला नवसाला पावणाऱ्या खजरान्याच्या गणपतीला नेलं आणि पायरीवरच बजावलं, "प्रयोगासाठी नवस नाही बोलायचा. काम झालं तर तुकड्यामुळे की बाप्पामुळे, मतलब, कळणार कसं?" प्रसादाचे चार लाडू मात्र विनाशंका खाल्ले.

आणि निधीच्या बैठकीआधी लिव्हरची प्लेट चमकली. अगदी फिकट. मी म्हटलं, "सर, फोटोत दिसणारही नाही."

"आपल्याला दिसलं ना?"

तीनदा पुन्हा करायला लावलं. तिन्ही वेळा चमकली. बैठकीत या गृहस्थांनी पहिला फोटो लावला तो लिव्हरचा, वर ब्राइटनेस वाढवून! "हा तुकडा गळतो, नको तिथेही चालू होतो," म्हणाले आणि खाली बसले. निधी गेला. गेटवर 'संशोधन हाच श्वास' असा बोर्ड मिरवणाऱ्या आमच्या कॉलेजने महिन्याभरात लॅबला कुलूप लावायचं ठरवलं आणि सरांना फर्स्ट इयरला बेडूक शिकवायला धाडलं.

माझं डोकं फिरलं. निदर्शनं ठरवली, पत्रक लिहिलं, पहिली सही घ्यायला सरांकडे गेलो. ते लाल पेन घेऊन उभ्या उभ्या वाचत होते.

"'हजारो रुग्णांचे प्राण वाचवणारं संशोधन'... कोणतं रे?"

"आपलंच, सर."

"आपलं तर गळतं. ते वाक्य काढ, सही करतो."

"ते काढलं तर येणार कोण?"

"कमी लोक येतील."

"सर, लॅब तुमची जातेय!"

"हो ना. तेवढंच लिही. ते खरं आहे."

चरफडत वाक्य काढलं. त्यांनी सही केली, खाली तारीखही घातली.

सात जण आले. सर आले नाहीत; त्यांचा बेडकांचा तास होता. कुलूप लागलं. माझा प्रबंध आता त्या गळतीवर आहे, एक वर्ष जास्त लागणार आहे, आणि रोज सकाळी, दुसऱ्याच्या लॅबमध्ये उधारीच्या मायक्रोस्कोपखाली, मी आधी लिव्हर बघतो.