उस्तादांचा बेरिंगचा गाडा

मला राग पटकन येतो आणि अक्कल सावकाश. खेळण्यांच्या रॅलीला दोन्ही एकाच दिवशी आले, राग सकाळी आणि अक्कल दिवस कलल्यावर. म्हणून ती गोष्ट सांगतोय, नाहीतर स्वतःची फजिती कोण हौसेनं सांगतं?

आमच्या बीडमध्ये फटफटीवाल्यांचा एक ग्रुप आहे. सगळी तीस-पस्तिशीतली पोरं. मार्चच्या उन्हातसुद्धा काळी जाकिटं घालून फिरतात आणि घामोळ्या आल्या की एकमेकांना पावडर सुचवतात. पन्नाशी उलटलेला त्यात मी एकटा. मला घेतलं ते माझ्या तोंडाकडं बघून नाही, माझ्याकडं वडिलांची जुनी फटफटी आहे म्हणून. फोटोत ती पुढं लागते. शिवाय माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, त्यामुळे ग्रुपचे बॅनर, पत्रकं, सूचना सगळं माझ्या गळ्यात.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावंच्या गावं ऊस तोडायला कारखान्याला जातात. बऱ्याच घरांतली पोरं मागं राहतात. त्यांच्यासाठी गावच्या शाळेतच हंगामापुरतं वसतिगृह चालतं. चौसाळ्याच्या पुढं आत एक गाव आहे, तिथल्या वसतिगृहातल्या पोरांना खेळणी द्यायची असं आमचं ठरलं. बीडहून निघायचं, पाली, मांजरसुंबा, चौसाळा असं थांबत लोकांकडून खेळणी गोळा करायची आणि दुपारपर्यंत गावात पोचायचं. आदल्या वर्षी कुणीतरी हात नसलेल्या बाहुल्या आणून दिल्या होत्या. म्हणून या वेळी सूचनेत मी ठसठशीत टाइप केलं, 'फक्त नवीन व पॅकबंद खेळणी स्वीकारली जातील. जुनी, मोडकी, घरी बनवलेली आणू नयेत.' त्यातलं 'घरी बनवलेली' मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या हुशारीनं घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रॅलीच्या सकाळी गाड्या मैदानावर लागल्या. झेंडा दाखवायला एक पुढारी येणार होते आणि ते अर्थातच आले नव्हते. तेवढ्यात रिक्षातून उस्ताद उतरले. मागोमाग रिक्षावाल्यानं एक गाडा खाली ठेवला.

उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज होतं ते मिस्त्री. माझ्या वडिलांची फटफटी तिच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हाताखाली. बीडमधली निम्मी गाडीवाली पोरं त्यांच्याकडं शिकली किंवा त्यांच्या शिव्या खाऊन सुधारली. साखरेनं नजर गेली तसं दोन वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज बंद केलं. आता त्यांना माणूस दिसतो तो सावलीसारखा. पण कान शाबूत. लांबून गाडी ऐकली तरी सांगतात, हिची चेन ढिली हाय, हिचा टॅपेट वाजतोय.

"कावून बे, निघाले का न्हाई अजून?" माझ्या गाडीचा आवाज ओळखून ते थेट माझ्याकडं आले. "हे घे. पोरांसाठी हाय."

बेरिंगचा गाडा होता तो. एक लांब फळी, खाली दोन आडवी लाकडं, चारी टोकांना चाकांच्या जागी चार जुनी बेरिंगं आणि पुढं वळवायला दोरी. ज्यांचं लहानपण आमच्यासारखं गेलंय त्यांना अजून काही सांगायला नको.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना हा गाडा म्हणजे आमच्या गल्लीतली दौलत होती. उस्ताद गाडीतून काढलेलं जुनं बेरिंग कधी भंगारात घालत नसत. रॉकेलमध्ये धुवायचं, नवं ग्रीस भरायचं आणि तारेत ओवून खिळ्याला लटकवायचं. ते पोरांचं. पण फुकट मिळत नसे. उस्ताद दोन बेरिंगं बोटावर अडकवून आमच्या कानाशी फिरवायचे आणि विचारायचे, "सांग, यातलं कोणतं रडतंय?" ज्याला कळलं त्याला बेरिंग मिळालं. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना कळलं. मला मात्र दोन्ही सारखीच ऐकू यायची. तीन वेळा गेलो, तीनदा चुकलो. चौथ्या वेळी रडू फुटलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चार बेरिंगं ठेवली आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोराला कान न्हाई साहेब. शाळा शिकवा, नोकरी लागंल." तो गाडा घेऊन आम्ही नदीकडच्या उतारावरून असे सुटायचो की आख्खी गल्ली खडखडायची. बायका दारात येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. गुडघे कायम फुटलेले. देवाशपथ, तेवढा आनंद मला पुढं कशातच झाला नाही, लग्नातसुद्धा नाही. बायको हे वाचणार आहे, तरी लिहितो.

तर तोच गाडा पुढ्यात होता. "फळी आपल्या गॅरेजची हाय," उस्ताद सांगत होते. दुकान बंद करायच्या फळ्यांवर त्यांनी नंबर टाकलेले असत. या फळीवर पांढऱ्या रंगातला तीन अजून दिसत होता. "हातानं चाचपून केला. दोन महिने लागले. आन् मागलं उजवं बेरिंग हाय ना, मोठं, ते तुझ्या बापाच्या गाडीचं. शेवटच्या खेपेला मी बदललं तवाचं. त्याचा आवाज जाड हाय. पोरं बसली की मला सांग, कसं पळालं."

"सांगतो की उस्ताद," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते गेले आणि आमचा म्होरक्या आला. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे त्याचं, पोरगा गुणी आहे, पण फोटोपायी पागल. गाड्याकडं बघून म्हणाला, "काका, हे काय? तुमीच तर लिवलंय, घरी बनवलेलं आणू नये म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणावर काढणार? सूचना माझी, शब्द माझे. मी गाडा मागच्या कॅरिअरवर टाकला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून बांधला. पुढारी आले, झेंडा हलवला, चाळीसभर गाड्या एकदम सुरू झाल्या. एरवी तो आवाज ऐकून माझी छाती फुगते. त्या दिवशी मागं फळी खटखटत होती तेवढीच ऐकू येत होती.

पालीत शाळेसमोर बायका खेळणी घेऊन थांबल्या होत्या. एकीनं माझ्या गाडीकडं बघून विचारलं, "भाऊ, बिऱ्हाड हलवताय का?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझ्या पुढच्या पोरांच्या गाड्यांवर रंगीत खोकी, टेडी, विमानं, आणि माझ्या गाडीवर हे लाकूड. म्होरक्या दोनदा म्हणाला, "काका, तुमी जरा मागं राहा, व्हिडिओत येतंय." घाट चढून मांजरसुंब्याला चहाला थांबलो तोवर माझा पारा पार चढला होता. चौकात एक गाड्या धुवायचं सेंटर आहे, मालक ओळखीचा. गाडा सोडला आणि त्याच्या ताब्यात दिला. "येताना नेतो," म्हणालो.

आणि नेऊन काय करणार होतो? उस्तादांना खोटंच सांगणार होतो, पोरं बसली म्हणून. त्यांना दिसत थोडंच होतं! हा विचार माझ्या मनात आला होता, हे आज कबूल करतो. स्वतःची लाज वाटते.

गावात पोचलो. साठ-सत्तर पोरं शाळेच्या अंगणात रांगेनं बसलेली, तेल लावून भांग पाडलेली. पुढाऱ्यांचा माणूस बोलला, म्होरक्या बोलला, टाळ्या झाल्या. खोकी वाटली, फोटो निघाले. मग पोरांनी खोकी उघडली आणि आमची अक्कल उघडी पडली. निम्मी खेळणी सेलवर चालणारी, आणि सेल एकानंही आणले नव्हते! गावातल्या दुकानात विचारलं तर टॉर्चचे जाड सेल होते, ते कुठं बसेनात. आगगाडी हातात धरून एक पोरगा तोंडानंच झुकझुक करायला लागला. वसतिगृहाच्या बाई तशा जीव लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आता आत ठेवू या बाळांनो, मोडतील. सेल आले की पाळीपाळीनं देईन." पोरांनी मुकाट्यानं खोकी परत दिली. बाईंनी ती कपाटात रचली आणि कडी लावली.

एक मुलगी माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. तिनं फटफटीच्या टाकीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काका, मग खेळायचं कवा?"

मी गाडीवर बसलो. किक मारली. म्होरक्या मागून ओरडला, "काका, ग्रुप फोटो राहिलाय!" मी ओरडून सांगितलं, "चुलीत घाल तुझा फोटो!" आणि तडक मांजरसुंबा गाठलं.

सेंटरवाल्यानं गाडा उन्हात उभा करून ठेवला होता. ओळखू येईना, इतका लख्ख. "दादा, निवांत होतो, म्हणलं तुमचा गाडा धुवून टाकावा. चारी चाकांत पाण्याचा पंप मारलाय, फेस लावून." बिचाऱ्यानं प्रेमानं केलेलं. मी त्याला मनापासून धन्यवाद दिले, गाडा बांधला आणि परत सुटलो.

शाळेच्या फाटकापासून हापशापर्यंत सिमेंटचा उतार होता. गाडा खाली ठेवला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ती मुलगी पुढं बसली, दोरी धरली, मागं दुसरी एक बसली आणि गाडा सुटला. खर्रर्रर्र! चाळीस वर्षांची धूळ झटकल्यासारखं झालं मला. पोरं किंचाळत मागं धावली. वर आणायला दहा हात, बसायला वीस. अर्ध्या तासानं, जेवायला मागं थांबलेली आमची जाकिटवाली मंडळीही रांगेत होती. म्होरक्या बसला आणि हापशावर जाऊन आदळला, तेव्हा पोरं जी हसली, त्यासाठी पुढं वर्षभर रॅली काढावी. मी मोबाइलवर सगळं टिपलं. निघताना बाईंना हात जोडले, "एवढं मात्र कपाटात ठेवू नका." त्या म्हणाल्या, "एवढा मोठा कपाटात मावतोय कुठं?"

दिवस कलताना बीडला आलो ते थेट उस्तादांच्या घरी. ते अंगणात बाजेवर बसून होते. सकाळपासून तिथंच बसलेत, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी म्हणालो, "उस्ताद, लई पळाला. ऐका." आणि मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

ते ऐकत राहिले. आधी हसले. "पोरी हायत," म्हणाले. मग हसू हळूहळू मावळलं. "परत लाव." मी परत लावलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातासकट धरला आणि माझ्या कानाकडं वळवला.

"सांग. कोणतं रडतंय?"

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न. मी डोळे मिटले. पोरींच्या किंकाळ्या, खडखडाट, आणि त्या सगळ्याखाली एक जाड, कोरडा, घासणारा आवाज. दुपारभर तो आवाज माझ्या कानावर पडत होता आणि मी नुसता हसत होतो.

"मागचं उजवं," मी म्हणालो. "वडिलांच्या गाडीचं."

"चारी कोरडी हायत. ते जास्ती बोलतंय. मी गळ्यापर्यंत ग्रीस भरलतं बेटा. एका दिवसात कुठं गेलं?"

आणि तेव्हा मला आठवलं. गॅरेजमध्ये उस्ताद रोज कुणाला ना कुणाला सुनवायचे, प्रेशरचं पाणी बेरिंगचं दुश्मन हाय, ग्रीस धुवून नेतं, गाडी चमकती आन् आतून मरती. तोंडपाठ होतं मला. मनात आलं, सांगावं की पोरांनीच हापशाखाली नेला. उस्तादांनी डोळे माझ्याकडं लावले होते, त्या डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं, तरी त्यांना सगळं दिसतंय असंच मला वाटत होतं.

"मी तो मांजरसुंब्याला ठेवून गेलतो उस्ताद. मला लाज वाटली. लोक हसत होते. तिथं सेंटरवाल्यानं प्रेशरनं धुतला. मग पोरांचे हाल बघितले आणि परत जाऊन आणला." एका दमात सांगून टाकलं. सांगताना रडलोही, लपवत नाही.

आत सून भाकरी थापत होती, तो आवाज येत होता. उस्तादांनी हात पुढं केला, चाचपत माझा कान शोधला आणि शाळेतल्या पोराचा पिळावा तसा पिळला.

"लहानपणी तुला कान न्हवता," ते म्हणाले. "आला म्हणायचा." मग आत हाक मारली, "बेटी, पलंगाखालचा ग्रीसचा डबा काढ." आणि मला म्हणाले, "सकाळी गाडी काढ बे. मी मागं बसतो. पोरी कोरड्या चाकावर बसल्यात."