चावी ज्याच्या हाती

भोंगेमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची आई, आणि तिला जाऊनही बराच काळ लोटला होता. बायको त्यांना 'अहो' म्हणायची आणि बाकी सगळा गाव भोंगेमामा. धंदाच तसा होता. जुनी तीनचाकी गाडी, टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर बॅटरी आणि पुढे एका हातात माइक धरून बसलेले मामा. भांड्यांचा सेल, हरवलेलं कुत्रं, उद्या बंद राहणारी वीज, सगळं त्यांच्या तोंडून गावभर व्हायचं.

आवाज भारदस्त होताच, पण मामांचा खरा अभिमान होता यमकाचा. माल कसाही असो, मामा त्याला असं काही यमक जोडून द्यायचे की ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातून जाता जात नसे. त्यांच्या यमकावर भुलून लोकांनी गळक्या बादल्यासुद्धा घरी नेल्या होत्या. बादली गळते म्हणून भांडायला कोणी मामांकडे आलं नाही, आणि त्यामुळे मामांना वाटत राहिलं की आपलं काम फक्त बोलण्याचं, पुढचं ज्याचं तो बघून घेईल.

निवडणूक तोंडावर आली आणि नेमकं त्याच सुमारास वरच्या भागातल्या नळांना घाण पाणी आलं. माणसं पटापट आजारी पडली, इस्पितळात खाटा पुरेनात, आणि गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरं गिरवायला शिकवणारी एक म्हातारी शिक्षिका दगावली. लोक चिडले होते आणि कोणावर चिडायचं ते त्यांना कळत नव्हतं. ती अडचण एका उमेदवाराने दूर केली. चौकातल्या सभेत तो फार हळू आवाजात म्हणाला, "मी कोणावर आरोप करत नाही. मी एवढंच विचारतो, टाकीची चावी कोणाकडे होती?" एवढं बोलून तो पाणी प्यायला थांबला, आणि सभेने आपसूक उत्तर दिलं.

चावी होती पाणीवाल्याकडे. मामांच्या मागच्याच गल्लीत राहणारा, सायकलवरून फिरून व्हॉल्व्ह सोडणारा-बंद करणारा, बोलायला जरा तुसडा माणूस. पण मामांच्या मुलीच्या लग्नात त्याने न सांगता गल्लीला जास्त वेळ पाणी सोडलं होतं आणि जेवायला मात्र आला नव्हता. दुसऱ्या दिवशी उमेदवाराच्या ऑफिसातून निरोप आला, कालच्या भाषणाचं काहीतरी सुटसुटीत करून द्या. मामांनी चहा मागवला आणि तो गार व्हायच्या आत ओळ तयार झाली. चावी ज्याच्या हाती, पाप त्याच्या माथी!

त्या आठवड्यात मामांची गाडी गल्लीबोळ पिंजून आली. पोरं ती ओळ म्हणत दोरीवरच्या उड्या मारू लागली. घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्ही पाहिलंत का हो त्याला पाण्यात काही टाकताना?"

"मी कुठे त्याचं नाव घेतोय?" मामा म्हणाले. बायकोने आमटीचं भांडं उचललं. नाव त्या सभेतही कोणी घेतलं नव्हतं, आणि ती सभा तिनेही ऐकली होती.

पाणीवाल्याची सायकल कोणीतरी मोडली, मग दाराची कडी, आणि शेवटी पाण्यात विष कालवल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. उमेदवार निवडून आला आणि त्याला सगळे साहेब म्हणू लागले. साहेबांच्या ऑफिसाने मामांना खटल्याच्या तारखांना जाऊन बसायला सांगितलं. शिक्षा झाली की कोर्टाच्या दारातूनच गाडी काढायची होती. मामांनी शिक्षेसाठीही एक यमक तयार ठेवलं होतं. ते काय होतं, हे त्यांनी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही.

कोर्टात मामा मागच्या बाकावर बसत. तिथला पंखा कुरकुरायचा आणि लोक इतक्या हळू बोलत की मामांना सवयीने वाटे, कोणीतरी यांचा आवाज वाढवा. इथे कोणाला यमक नको होतं. तपासणारा अधिकारी उभा राहिला आणि रटाळ आवाजात म्हणाला, नमुन्यात विष आढळलं नाही, सांडपाणी आढळलं. रस्ता खोदल्यावर गटाराची फुटकी नळी पाण्याच्या नळीला टेकलेली दिसली, तिचे फोटो जोडले आहेत. मामांना आधी कंटाळा आला आणि मग आपण गावभर काय सांगत फिरलो ते आठवायला लागलं.

मग चौकातला किराणा दुकानदार साक्षीला आला. त्याने छाती पुढे काढून सांगितलं की पाप याच माणसाचं आहे. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सारला आणि विचारलं, "तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्हाला कुठून कळलं?"

"भोंग्यावर सांगत होते की रोज. हे काय, मागेच बसलेत."

अख्ख्या कोर्टाने मान वळवली. बाईंनी त्यांच्याकडे जेमतेम एक नजर टाकली आणि त्या टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, "हे ऐकीव आहे, पुराव्यात धरता येणार नाही. साक्षीदाराने पाहिलंय तेवढंच घ्या." दुकानदाराने पाहिलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे घ्यायलाही काही उरलं नाही. मामांना कोणी उभं केलं नाही, रागावलं नाही. त्यांना वाटलं, निदान कोणी ओरडायला तरी हवं होतं.

पाणीवाला निर्दोष सुटला. चावी जवळ असणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, असं बाईंनी निकालात सांगितलं. मामांनी ऑफिसात फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, "राहू दे मग. आज गाडी नको."

गावात चर्चा झाली ती एवढीच, की पुरावा सापडला नाही म्हणून सुटला, नशीबवान आहे. पाणी खात्याने त्याला कामावर घ्यायची तयारी दाखवली, पण वरच्या भागातल्या लोकांनी अर्ज दिला की या माणसाचा हात आमच्या पाण्याला लागता कामा नये. हे सगळं आपण एका कप चहात जुळवलेल्या ओळीचं आहे, असं मामांना राहून राहून वाटे. शेवटी त्यांनी बॅटरी चार्ज केली, पदरमोड करून पेट्रोल भरलं आणि कोणी न सांगता गाडी काढली.

"पाणीवाला निर्दोष आहे! पाण्यात विष नव्हतं! कोर्टाने पुरावे तपासले आहेत!" यमक त्यांनी मुद्दाम लावलं नाही. लोक गॅलरीत आले. एकीने 'पाणी' आणि 'विष' एवढंच ऐकलं आणि धावत जाऊन नळ बंद केला, शेजारणीलाही करायला लावला. इस्त्रीवाल्याने डोळा मारून विचारलं, या वेळी दुसऱ्या पार्टीने धरलं वाटतं? आणि दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलींनी भोंगा ऐकताच सवयीने सूर धरला. चावी ज्याच्या हाती...

मामांनी आवाज वाढवला. मुलींनीही वाढवला.

मागच्या गल्लीच्या तोंडाशी पाणीवाला आडवा आला. खूप वाळला होता. मामा माइक बाजूला ठेवून घाईघाईने म्हणाले, "अरे, तुझ्याच बाजूने बोलतोय."

"कळतंय, मामा. पण गाडी इकडे आणू नका."

"लोकांना खरं कळायला नको?"

"काय बोलताय ते कोण ऐकतंय? तुमचा आवाज आला की माझी पोरं आतून कडी लावतात." तो रागावलेला नव्हता, आणि तेच मामांना सोसलं नाही. माफी मागायला तोंड उघडेपर्यंत तो वळून गेलाही होता.

मामांनी अॅम्प्लिफायर बंद केला आणि गाडी आपल्या दारात लावली. मग ते पायीच वरच्या भागात गेले. ज्या बाईंनी अर्जावर पहिली सही केली होती, त्यांची कडी वाजवली. भोंग्याशिवायचा मामांचा आवाज गावात फारसा कोणी ऐकला नव्हता. तो चिरका आणि थकलेला निघाला.

"ताई, मी त्याला काही करताना पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. ती ओळ मी चहा पिता पिता जुळवली होती."

बाईंनी त्यांना निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे ते तुमचं होय? काय सुंदर जमलं होतं हो! आमच्या घरात अजून सगळ्यांना पाठ आहे."

मामा उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, या वेळी आणखी हळू आवाजात. बाई ऐकत होत्या की मनातल्या मनात ती ओळ म्हणत होत्या, ते त्यांना कळलं नाही. बोलून झाल्यावर ते पायऱ्या उतरले आणि शेजारच्या घराच्या दाराशी गेले.