आठजणींचा एको

“एवढ्या बायकांचं ओझं याला झेपत नाही,” काका स्वयंपाकघरात काकूंना सांगत होते. “अध्यक्षबाईंचा आवाज ठेवू. कोरस कीबोर्डवरचा घालू.”

“आणि बाकीच्यांना काय सांगणार?” काकूंनी विचारलं.

“सांगायचं कशाला? कोरसमध्ये कोण कुणाला ओळखतं?”

मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. हेडफोन माझ्या कानांवर असतील अशी त्यांची समजूत असावी, पण ते गळ्यात होते. पडद्यावर आठ आडव्या पट्ट्या दिसत होत्या, प्रत्येक बाईच्या आवाजाची एक. चौथी पट्टी आईची होती. मी हेडफोन गुपचूप कानांवर चढवले आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा करून बसले. तेवढं मला चांगलं जमायचं.

काका म्हणजे बाबांचे मित्र. बडोद्याच्या तरसाली भागात आमच्याच सोसायटीत राहायचे. एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत स्टुडिओ केला होता. भिंतींना गोधड्या, खिडकीत जुनी गादी, एक माइक, एक कीबोर्ड आणि जोडून घेतलेला कॉम्प्युटर. सोसायटीच्या गरब्यासाठी ते त्यावर संगीत तयार करत. कॅसेटची दुकानं अजून चालू होती, पण लग्नात, बारशात आता सीडी वाटल्या जाऊ लागल्या होत्या, आणि घरात बसून सीडी करता येते याचं सगळ्यांना नवल वाटे.

त्या वर्षी महिला मंडळाने भोंडल्याच्या गाण्यांची सीडी करायचं ठरवलं. कारण सरळ होतं. बडोद्यात नवरात्र म्हणजे गरबा. आमच्या बायका चहाच्या वेळेला पाटावर हत्ती मांडून फेर धरायच्या, पण मैदानातले लोक तेवढ्यात माइक तपासायला लागायचे आणि त्यांच्या ‘हॅलो, हॅलो’मध्ये गाणी बुडून जायची. शिवाय मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. कुणाची नात अमेरिकेत, कुणाची बंगळुरात. त्यांना ही गाणी पाठवायची होती. मंडळात बहुतेकजणी रेल्वे नाहीतर रिफायनरीतल्या घरांतल्या. अध्यक्षबाई मात्र मूळच्या जुन्या शहरातल्या, घडियाळी पोळातल्या. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि हे त्या दूधवाल्यालाही सांगत. मी त्यांना मावशी म्हणायचे.

पहिल्या दिवशी आठही जणी एका माइकभोवती उभ्या राहिल्या. पण भोंडल्याचं गाणं उभं राहून म्हणायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. दुसऱ्या ओळीला फेर सुरू झाला. रेकॉर्डिंगमध्ये पावलं आणि बांगड्या, त्यांच्या मागे कुठेतरी गाणं. काकांनी हत्तीचं चित्र भिंतीला चिकटवून पाहिलं, म्हणजे फिरायला मध्यभागच उरणार नाही. पाय थांबले, पण हात टाळ्या देतच राहिले आणि बांगड्या वाजतच राहिल्या. कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं, बांगड्या काढून ठेवा. पण सणाच्या तोंडावर आठ सवाष्णींना बांगड्या काढा म्हणायचं काकांच्या जिभेवर येईना. ते काकूंकडे बघत राहिले, काकू छताकडे.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. एकेकीने आत यायचं, दोन्ही मनगटांवरच्या बांगड्यांना रुमाल गुंडाळायचे आणि एकटीने गायचं. काका आठही आवाज मागाहून एकावर एक ठेवणार. बाकीच्या बाहेर बसून त्या दिवशीची खिरापत ओळखायच्या. माझ्या मते सीडीपेक्षा तो भाग जास्त रंगायचा.

पण एकटीने गाताना हेडफोनमध्ये आपला कोरडा, उघडा आवाज ऐकून पहिलीच बाई घाबरली. “मी अशी फाटकी गाते?” तिने विचारलं. काकांनी तिच्या आवाजाला थोडा एको लावला. प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव रिव्हर्ब होतं, पण मांडवातल्या माइकवाल्यापासून सगळे त्याला एकोच म्हणत. बाई खूश होऊन बाहेर गेली आणि तिने ते सगळ्यांना सांगितलं. मग दुसरीला तिच्यापेक्षा जरा जास्त हवा झाला. तिसरीला देवळासारखा. मावशींना सभागृहासारखा, लांबवर जाणारा. आईने काहीच मागितलं नाही, पण काकांनी तिलाही न विचारता एक दिला. कुणाला कमी पडायला नको, हा त्यांचा स्वभाव.

दोन गाणी झाली आणि तडतड सुरू झाली. आधी कढईत मोहरी तडतडावी तशी, मग आवाज तुटायलाच लागले. एखादी ओळ अर्ध्यात गिळली जायची, पडदा गोठायचा आणि सगळ्याजणी एकाच सुरावर अडकून पडायच्या. काकांनी आधी विजेला दोष दिला आणि स्टॅबिलायझर बदलला. मग गरमीला. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद असायचा आणि खोली भट्टीसारखी तापायची. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. मग नातवाचे खेळ पुसले, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम बंद केला. दुकानातला माणूस येऊन म्हणाला, “काका, रॅम वधारवी पडशे.” रॅमही वाढवली. तडतड तशीच.

मी चित्रात आले ती तेव्हा. प्रोग्रॅममधली मदतीची पानं इंग्रजीत होती, आणि मी नन्सच्या शाळेत शिकलेली. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. आईने मला काकांकडे पाठवलं. “वाचून दाखव त्यांना. नुसतं वाचायचं आहे, बोलावं नाही लागणार,” ती म्हणाली. तिला मी ठाऊक होते. घराबाहेर मी गुजराती बोलायचे, मैत्रिणींशी इंग्रजी. मंडळातल्या बायकांसमोर मराठी बोलताना मध्येच एखादा गुजरातीतला ‘ने’ निसटला की त्या हसायच्या. प्रेमानेच हसायच्या, पण मी गप्प राहणं पसंत करायचे. “हिच्या तोंडातून शब्द काढायला पण स्क्रू-ड्रायव्हर लागतो,” मावशी म्हणायच्या.

मदतीत पहिला उपाय मिळाला तो बफर वाढवण्याचा, म्हणजे कॉम्प्युटरला प्रत्येक घास चावायला थोडा जास्त वेळ द्यायचा. मी आकडा बदलला आणि तडतड जवळजवळ थांबली. काकांनी पाठीवर थाप मारली. मग आई गायला बसली. आता तिचा आवाज तिच्याच कानात उशिराने पोचत होता. ती त्याची वाट पाहायची, मग तो तिची. गाणं इतकं संथ झालं की बाहेरून कुणीतरी विचारलं, आज आरती आहे का? आई हेडफोन काढून हसत बसली. मी आकडा पुन्हा खाली आणला आणि तडतड परत आली.

त्यानंतरच्या दुपारी मी स्वयंपाकघरातलं ते बोलणं ऐकलं.

काका वाईट नव्हते. सीडी नवरात्राआधी द्यायची होती आणि त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण आई रोज पोळ्या लाटताना ती गाणी म्हणत होती. शब्द विसरू नयेत म्हणून तिने नागपूरच्या मावशीआजीला फोन केला होता. सीडी आली की ती कान लावून स्वतःला शोधणार, आणि तिथे कीबोर्डमधल्या ‘आ’ करणाऱ्या परक्या बायका असणार. तिला सांगावं का, असा विचार मी रात्री जेवताना केला. सांगितलं असतं तर ती लगेच म्हणाली असती, माझा काढा, त्यात काय. म्हणून मी सांगितलं नाही. काकांना मात्र विचारलं, दुपारी येऊन बसू का. ते हो म्हणाले. तसंही त्यांना दुपारची झोप हवी असायची.

कामाची पद्धत मला त्यांचीच माहीत होती. कारखान्यातल्या गोष्टी सांगताना ते नेहमी म्हणत, प्लांटमध्ये बिघाड झाला की एका वेळी एकच व्हॉल्व्ह फिरवायचा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. घरी मात्र बायका डोक्यावर बसल्यामुळे ते एकाच वेळी पाच फिरवत होते. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं एक छोटं मीटर होतं. गाणं लावलं की ते लाल टोकाला भिडायचं. मी त्याच्यावर नजर ठेवून एकेक गोष्ट बंद करायला लागले.

आधी आवाज बंद केले. पहिल्या बाईचा, दुसरीचा, असं करत आठही. मीटर हललं नाही. मला ते खरंच वाटेना. खोलीत पूर्ण शांतता, आणि कॉम्प्युटर तेवढाच धापा टाकतोय. म्हणजे ओझं बायकांचं नव्हतंच. मी आवाज पुन्हा चालू केले आणि पहिलीचा एको काढला. मीटर थोडं उतरलं. दुसरीचा काढला, अजून उतरलं. मावशींचं सभागृह काढल्यावर तर ते दाणकन खाली आलं. आठही एको गेले तेव्हा मीटर तळाशी शांत पडलं होतं आणि आठ बायका एकही शब्द न गिळता गात होत्या. कोरड्या, उघड्या, थोड्या बेसूर, पण सगळ्या. आईचा आवाज मला लगेच ओळखू आला. ओळीच्या शेवटी ती श्वास जरा लवकर घेते.

पण असं कोरडं गाणं मंडळाने घेतलं नसतं. मी पुन्हा मदत वाचली, आणि पुढच्या दुपारी एक निराळी पट्टी करून तिच्यावर एकच एको बसवला. मग आठही आवाजांतून थोडा थोडा भाग त्या पट्टीकडे सोडला. मीटर जेमतेम हललं. काका झोपेतून उठून दारात उभे होते, मला कळलंच नाही. त्यांनी सगळं गाणं उभ्यानेच ऐकलं.

“म्हणजे गच्चीवर एकच टाकी,” ते म्हणाले, “आणि आठ घरांना पाइप.”

मी मान हलवली.

“आणि मी येडा प्रत्येक घरात टाकी बांधत बसलो.”

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तेव्हा मला आणखी एक गोष्ट जाणवली. आधी प्रत्येक बाई वेगळ्याच जागी गात होती, कुणी देवळात, कुणी न्हाणीघरात. आता त्या एका अंगणात आल्या होत्या. कीबोर्डच्या कोरसचं नाव काकांनी पुन्हा काढलं नाही, मीही नाही. काकूंनी त्या दिवशी मला न विचारता चहात आलं जास्त घातलं.

एक गाणं राहिलं होतं. त्यासाठी मंडळ जमलं तेव्हा काकांनी आधी झालेली सगळी गाणी ऐकवली. बायका गोधड्यांना टेकून बसल्या होत्या. कुठे तडतड नाही. एकीने डोळे पुसले, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, ही बघ मी. आई खाली बघत हसत होती. तिने स्वतःला शोधलं होतं. मला तेवढं पुरे होतं आणि मी उठून घरी निघणार होते.

“सरस झालंय,” मावशी म्हणाल्या. “पण माझा एको कुठे गेला?”

काकांनी टाकी आणि पाइप समजावून सांगितले. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तो सगळा हिशोब बाकीच्यांसाठी ठीक आहे, पण मुख्य आवाजाला त्याचा स्वतःचा, सभागृहाचा एको हवाच. त्यावर पहिली बाई म्हणाली, मग मला पण माझा परत द्या. तिसरीने देवळाची आठवण करून दिली. आवाज कुणाचाच चढला नव्हता. मोठ्या गोडीत चाललं होतं सगळं, जसं ताटात एक पुरणपोळी जास्त मागावी.

काका एकेकीकडे बघून हसत होते. मला ते हसणं ओळखीचं होतं. त्यांचा हात माउसवर गेला. पडद्यावर मावशींच्या पट्टीत सभागृह परत आलं. मग पहिलीचा एको. कोपऱ्यातलं मीटर वर सरकायला लागलं. सगळ्या बायकांची पाठ त्याच्याकडे होती. चौथी पट्टी काकांच्या बाणाखाली आली तेव्हा आई म्हणाली, “भावजी, माझा आवाज काढलात तरी चालेल हं. जागा होईल.”

स्पीकरमध्ये मोहरीचा पहिला दाणा तडतडला.

मी दाराशी उभी होते. मनात वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग गुजरातीत, आणि त्यात वेळ जात होता. मी पुढे होऊन काकांच्या हाताखालचा माउस काढून घेतला. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

“मावशी, एको सगळ्यांना एकच मिळणार,” मी म्हणाले. “प्रत्येकीला वेगळा दिला की हा अडकतो, आणि मग तुमचा आवाज ठेवून बाकी सगळ्यांचे काढावे लागतील. त्यात माझी आई आहे ने.”