पाठमोरा पंखा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरकाकाच म्हणत. उन्हाळा आला की लोकांना त्यांच्यावर हसायला एक जादा कारण मिळायचं. घरात अंगाची लाही होत असताना हा गृहस्थ स्वयंपाकघराच्या खिडकीत टेबलफॅन ठेवायचा, आणि तोही रस्त्याकडे तोंड करून.

"काय कंडक्टरकाका, आज रस्त्याला फार उकडतंय वाटतं?" खालून कुणीतरी विचारायचं.

"तुम्हाला फुकट वारा मिळतोय ना? मग पुढे सरका, पुढे सरका!" काका वरून ओरडायचे.

या वेडेपणाचं कारण घरातच बसलेलं असे. काकू केसांचे टोप करायच्या. नाटकवाल्यांसाठी, टक्कल झाकणाऱ्यांसाठी, आजारपणात केस गेलेल्यांसाठीही. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक हुकाच्या सुईने तिच्यात केस गाठ मारून बसवत जायचे. समोर केसांच्या जुड्या मांडलेल्या, सगळ्यांची मुळं एका बाजूला. मुळं आणि टोकं एकमेकांत मिसळली की असा गुंता होतो, की तो ब्रह्मदेवालाही सुटायचा नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काकांनी मोठ्या हौसेने छताचा पंखा आणून बसवला. काकू पाणी प्यायला आत गेल्या आणि यांना पंख्याचं बटण दाबून बघायची हुक्की आली. झालं! काकू पेला घेऊन बाहेर येईपर्यंत केस घरभर झाले होते. पुढे कितीतरी दिवस दोघांच्याही ताटात केस निघत होते, आणि त्याबद्दल ब्र काढायची काकांची छाती नव्हती. काकू मात्र जमिनीवर बसून एकेक केस वेचत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले काकांनी पाहिले आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर काम मांडलेलं असताना त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही.

"मला कशाला हवाय पंखा? मी दिवसभर बसमध्ये वारा खाऊन येतो," असं ते म्हणायचे. नोकरी होती तोवर ते खरंही होतं.

निवृत्त झाल्यावर मात्र वारा बंद झाला. दुपारभर काका ओला पंचा खांद्यावर टाकून येरझारा घालायचे आणि काकूंना चोरट्यासारखं वाटायचं. मग एकदा डाळीची फोडणी करपली. धूर घालवायला काकांनी टेबलफॅन खिडकीत उलटा धरला, तसा धूर भसकन बाहेर गेला आणि दाराच्या फटीतून जिन्यातली गार हवा आपोआप आत आली. इतकी हळू, की जुडीतला केस हलला नाही. काकांना हर्ष झाला. वारा आत घालायचा नाही, उकाडा बाहेर हाकलायचा! त्यांनी कपाटाच्या मुठीला एक लांब केस चिकटवून ठेवला. तो हलला की पंख्याचा वेग कमी करायचा. लोक हसले तर हसोत. काकूंच्या कपाळावरचा घाम वाळला होता, आणि काकांना तेवढं पुरत होतं.

या उन्हाळ्यात काकूंच्या हातात एका शिक्षिकेचा टोप होता. बाई आजारातून उठल्या होत्या, शाळा उघडली की वर्गावर जायचं होतं. टोप होत आला होता, फक्त भांग राहिला होता. भांगात एका गाठीत एकच केस बसतो.

एका दुपारी काका भाजी घेऊन आले आणि दारातच थबकले. छताचा पंखा गरगरत होता.

"अगं, केस!"

"पेटीत ठेवले. या, बसा वाऱ्याला." काकू पंख्याखाली बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

"आणि बाईंचा टोप?"

"घेतील दुसऱ्या कुणाकडून पुरा करून. सकाळपासून एक केस सुटा करता आला नाही मला. एक धरलाय की तीन, बोटांना कळतच नाही. भांगाचा झाडू होईल नुसता." मग त्या उगीच हसल्या. "जन्मभर तुम्हाला उकाड्यात बसवलं. आता फिरवा हवा तेवढा पंखा."

काका खुर्चीवर टेकले. वारा सुरेख होता, खोटं कशाला बोला. पण कोपऱ्यातलं ते लाकडी डोकं, आणि सुईवाचून रिकामे पडलेले बायकोचे हात! इतकी गार हवा अंगावर घेताना इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

"का हो?"

"गारठलो मी."

"गारठलात? शर्ट पिळला तर बादली भरेल!"

हात धुऊन, खसाखसा पुसून काका काकूंसमोर बसले आणि त्यांनी पेटी उघडली. "तुझी सुई अजून चालते ना? मग केस मी सुटे करतो. पातळ कागदाची तिकिटं काढलीत मी या अंगठ्याने, चालत्या बसमध्ये. एकाच्या जागी दोन कधी गेली नाहीत."

पहिला केस निसटला. दुसऱ्या वेळी दोन आले. तिसरा त्यांनी उलटा धरला.

"मूळ माझ्याकडे हवं!" काकू खेकसल्या. त्या खेकसल्या म्हणून काकांना बरं वाटलं.

पुढचा केस एकटाच आला. काकांनी तो उजेडाकडे धरला. काकूंनी सुईच्या हुकात अडकवला, ओढला आणि गाठ बसली. त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली, पुन्हा पाहिली.

"अहो," मान वर न करताच त्या म्हणाल्या, आवाज जरा ओला होता, "तो तुमचा पंखा तरी लावून या. रस्त्याला उकडत असेल."

"रस्ता थांबेल थोडा," काका म्हणाले. "आधी हा घे."