बसून बघितलेला कमोड

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर वडिलांना खाली बसणं जमेना, म्हणून घरात कमोड बसवायचं ठरलं आणि मी त्यांना श्रीगोंद्याच्या सॅनिटरीच्या दुकानात घेऊन गेलो. मला वाटलं होतं, पांढरा एखादा उचलू, टेम्पोत टाकू आणि जेवायला घरी. पण बाजारात बैल पारखावा तसे वडील प्रत्येक कमोडभोवती फिरायला लागले. शेवटी एकाचं झाकण लावून ते त्यावर ऐसपैस बसले, धोतराचा सोगा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "हे बेस हाय. गुडघा कुरकुरत न्हाई."

मी हायसं वाटून दुकानदाराकडे वळलो, तेवढ्यात माझ्या बहिणीचे सासरे दारातून डोकावले. "व्याही, तुमी इथं?" उठायचं सोडून वडिलांनी शेजारच्या कमोडकडे हात केला. "या, बसा की!" ते बसलेसुद्धा. आता व्याही बसले म्हटल्यावर चहा मागवणं आलंच. उसाला तोड कधी मिळणार, यावर दोघं बशीतून फुरके मारत असे रंगले, की गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. मी दातओठ खात उभा.

एकदाचे व्याही गेले. मी म्हणालो, "दादा, आता हाच बांधायला सांगू ना?"

वडील ताडकन उठले. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? ह्याच्यावर बसून व्याह्यांसंगं चहा पेलो मी. आता ह्याच्यावर तसलं काम करू व्हय?"