न झालेल्या प्रार्थनेची साक्ष

चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून मी ज्या रात्रीची साक्ष दिली, ती रात्र आमच्या घरात कधी झालीच नाही. मी आणि माझी मुलगी गुडघ्यांवर नव्हतो. पहाटेपर्यंत तर सोडाच, पाच मिनिटंसुद्धा आम्ही एकत्र प्रार्थना केली नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुलीला सांगायची गरज नाही. ती त्या खोलीत होती.

आमची नगरमधली मंडळी जुनी. परीक्षा जवळ आल्या की पाळकसाहेब परीक्षेला बसणाऱ्या मुलांना उपासनेत पुढे बोलावतात आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. दहावी-बारावीची मुलं असतात, नर्सिंगच्या मुली असतात, पोलीसभरतीवाले असतात. माझी मुलगी बी.कॉम. झाली आणि एमबीएच्या सीईटीसाठी त्या रांगेत उभी राहिली, तेव्हा माझी मान ताठ झाली होती. मी सुप्याला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमच्या घरात एमबीए हा शब्द तोवर फक्त साहेबांच्या दारावरच्या पाटीपुरता होता.

रीत चांगली आहे. अडचण एवढीच, की ज्यांनी प्रार्थना केली त्या सगळ्यांना निकाल विचारायचा हक्क मिळतो.

निकाल लागला तेव्हा बायको राहुरीला माहेरी होती, तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. मी पहिल्या पाळीवरून आलो, चपला काढतोय तोच मुलीनं मोबाईल समोर धरला. पर्सेंटाइल इतकं कमी, की पुण्यातलं धड कॉलेज मिळणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

“पप्पा, पेपर अवघड नव्हता.”

“मग?”

“सुरुवातीचे थोडे प्रश्न सोडवले आणि मग अक्षरं हलायलाच लागली. एकच ओळ परत परत वाचत होते. हाताला इतका घाम, की माऊस सटकत होता. शेवटी वेळ संपत आली, तेव्हा राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय लावून टाकला.” तिनं मोबाईल बंद केला. “मम्मीला सांगू नका. कुणालाच नका सांगू, पप्पा. प्लीज.”

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. म्हणालो, “मग त्यासाठी पुण्यापर्यंत कशाला गेलो आपण? पर्याय काय, घरी बसूनही लावता आले असते.” आणि टीव्ही लावला. कसला तरी सामना चालू होता. ती माझ्या पिशवीतला डबा घेऊन घासायला गेली. त्या दिवशी आमच्या घरात झालं ते एवढंच.

मला फसवल्यासारखं वाटत होतं. वर्षभर तिला घरकामाला हात लावू दिला नव्हता. पाहुणे आले तरी टीव्ही मुका ठेवून बघायचो. आणि ही म्हणते, घाम आला. भीती नावाची गोष्ट मला तेव्हा कामचुकारपणासारखीच वाटायची.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आवारात चहा घेत उभा होतो. मंडळीच्या पंचांपैकी एक ज्येष्ठ, मूळचे पारनेरकडचे, माझ्याजवळ आले. आवाज खणखणीत, कुजबुजणं माहीत नाही.

“काय म्हनतोय मग निकाल?”

“जरा कमी आलेत.”

“आवं, आमी तर प्रार्थनेत काय कमी न्हाई पडलो बरं का! आता अभ्यास बी मंडळीनंच करायचा व्हता काय?”

सगळे हसले. मीही हसलो, पण चहाचा कागदी कप हातात चुरगळला. ज्यांच्यासोबत लहानाचा मोठा झालो, तेच हसत होते. आठवडाभर ते हसू कानात होतं, कंपनीच्या बसमध्ये, गोदामात, जेवताना. त्या आठवड्यात मला मुलीपेक्षा माझंच जास्त वाईट वाटत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. आणि मी उठलो. मी कधीच न उठणारा माणूस. बायको माहेराहून परतली होती, बायकांच्या बाजूला बसली होती. मुलगी क्वायरमध्ये, मंडळीकडे तोंड करून उभी.

दोन वाक्यं बोलून बसायचं ठरवलं होतं. म्हणालो, लोक म्हणतात अभ्यास केला नाही, पण माझ्या मुलीला परीक्षेत भीतीनं धरलं होतं. मग हाताचा घाम सांगितला. हलणारी अक्षरं सांगितली. एकच पर्याय लावलेला सांगितला. पंख्यांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. कारखान्यात माझं बोलणं म्हणजे गाडी लागली का, चलन कुठंय. माझं कुणी असं ऐकलेलं मला आठवत नव्हतं. आणि मग ते आलं, कुठून आलं माहीत नाही. मी म्हणालो, “तिनं मला सांगितलं, तेव्हा मी काहीच बोललो नाही. तिचा हात धरला. आम्ही बापलेक गुडघ्यांवर आलो, ते पहाट होईपर्यंत उठलो नाही. उठलो तेव्हा तिची भीती गेलेली होती. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसेल.”

“आमेन!” पहिला आवाज पारनेरकडच्या त्या ज्येष्ठांचाच. नंतर त्यांनी मला मिठी मारली, डोळे पुसत म्हणाले, “चुकलं माझं, माफ करा.”

मुलीकडे मी शेवटी एकदाच पाहिलं. सगळी मंडळी तिच्याकडे वळून बघत होती आणि तिला कुठं बघायचं ते कळत नव्हतं. पुढचं गीत सुरू झालं, ती गायली.

घरी आल्यावर बायको तिला म्हणाली, “मला का नाही गं सांगितलंस?”

“आता सांगितलं ना,” मुलगी म्हणाली. “सगळ्यांनाच.”

प्रार्थना खोटी होती, हे ती तेव्हा बोलू शकली असती. बोलली नाही. मी ते तिचं मोठेपण समजलो नाही, सुटलो एवढंच समजलो.

मग लोक माझ्याकडे येऊ लागले. कुणाची मुलगी बारावीला होती, कुणाचा मुलगा नीटला. “दादा, तुमी जरा हात ठेवा डोक्यावर.” मी ठेवायचो. पारनेरहून एक बाई आली होती, तिची मुलगी पेपरला बसली की उलट्या करायची. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून तिनं विचारलं, “त्या रातीला तुमी कोनतं वचन वाचलं व्हतं? तेवढं सांगा, आमी बी तेच वाचू.” मी एक स्तोत्र सांगितलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मुलगी आत होती.

थोड्याच दिवसांत मुलीनं जाहीर केलं, एमबीएचं डोक्यातून काढून टाकलं. सावेडीत एका सीएच्या ऑफिसात नोकरीला लागली. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, “देवाची वेळ वेगळी असते.” खरं म्हणजे मला बरंच वाटलं होतं. परीक्षाच नाही म्हटल्यावर माझ्या साक्षीची परीक्षाही टळली.

वर्ष सरलं. एका सकाळी बायको म्हणाली, पुण्याला बहिणीच्या नव्या घराची प्रार्थना आहे, आम्ही दोघी जाऊन येतो. मीच त्यांना माळीवाडा स्टँडवर सोडलं. पाण्याची बाटली घेऊन दिली. मुलगी खिडकीपाशी बसली होती, पोटाशी पिशवी घट्ट धरून. मी खालून म्हणालो, “उलटीची गोळी घेतलीस ना?” ती म्हणाली, “हो पप्पा.”

आणि मग एका रविवारी, उपासना संपल्यावर, क्वायरमधल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. “अभिनंदन दादा! पोरीनं नाव काढलं.”

“हो, हो,” मी म्हणालो. कशाबद्दल ते माहीत नव्हतं. “देवाची कृपा.”

“एवढे चांगले पर्सेंटाइल! आता पुणंच ना?”

“पुणंच,” मी म्हणालो.

घरी पोचेपर्यंत गाडी कशी चालवली, आठवत नाही. बायको आधीच येऊन मटणाला वाटण करत होती.

“बहिणीच्या घराची प्रार्थना होती ना?”

तिनं मिक्सर बंद केला. “होती. दुपारी. सकाळी हिचा पेपर होता.”

“म्हणजे सगळ्या गावाला माहीत. मी बाप, मला नाही?”

“गावाला नाही. क्वायरमधल्या त्या एका मैत्रिणीला माहीत होतं, तिच्याकडेच अभ्यासाला जायची ऑफिस सुटल्यावर.”

“आणि तुला?”

“मला पहिल्यापासून.”

“वर्षभर एका ताटाला बसलो आपण! मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?”

बायको कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. “अहो, तुम्हाला सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी मंडळीला कळलं असतं. तिनं एवढंच मागितलं माझ्याकडे, की या वेळी माझ्यासाठी कुणी उभं राहू नका. पुढे बोलावू नका. नाव घेऊ नका.”

“हात घामेजला नाही का या वेळी?” मी विचारलं. हे टोमण्यासारखं निघालं.

दारातून मुलगी म्हणाली, “घामेजला. रुमाल नेला होता.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्याच घरातल्या दोन माणसांनी मला स्टँडवर नेऊन, माझ्या हातची बाटली घेऊन फसवलं होतं. कितीतरी दिवस मी तेवढंच घोळवत राहिलो. फसवणूक नेमकी कुठून सुरू झाली, तिथवर मी जातच नव्हतो. जवळ आलो की वळायचो.

ती पुण्याला निघायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत मुलीकडे बघून प्रेमानं म्हणाले, “आता आपल्या बहिणीनं उपकारस्तुतीचे दोन शब्द बोलावेत. त्या रात्रीच्या प्रार्थनेचं उत्तर आज आपण पाहतोय.” ती मायक्रोफोनपाशी आली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं. आणि कबूल करतो, क्षणभर असंही वाटलं, की बोल बाई, बोलून टाक.

“माझी साक्ष पप्पांनी आधीच दिलेली आहे,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

लोकांना तो नम्रपणा वाटला. आमेन म्हणाले. मीच तेवढा म्हणू शकलो नाही.

ती आता पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे. फोन करते, आईला. मी उचलला तर म्हणते, “जेवलात का? मम्मीला द्या.” मध्ये एकदा मी धीर करून म्हणालो, “मी मंडळीत उभं राहून खरं काय ते सांगतो. सगळ्यांसमोर.”

ती म्हणाली, “म्हणजे पुन्हा माझ्यावरच बोलणार. आणि लोक पुन्हा तुम्हालाच मिठी मारणार. नको, पप्पा.”

ती म्हणत होती ते खरं होतं. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आधीच तयार होतं, मिठीसकट.

“मग लिहू का?” मी विचारलं.

“लिहा. नावं नकोत. आणि मला फार चांगली दाखवू नका.”

म्हणून लिहिलं. बायकोला हे छापील कागदावरून कळू देणार नाही, आज ती बाजारातून आली की तोंडानं सांगेन. डोक्यावर हात ठेवायला आता कुणी आलं तर पाळकसाहेबांकडे पाठवतो, कारण सांगत नाही. पारनेरच्या त्या बाईला अजून काही कळवलेलं नाही.

आणि मुलीची माफी मी अजून मागितलेली नाही. त्या दुपारी हसलो त्याची, आणि तिनं फक्त मला सांगितलेलं सगळ्यांना सांगितलं त्याची. ती पुण्याला जाऊन, समोर बसून, दुसरं कुणी नसताना मागायची आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो.